इंजिन गार असताना

लोक मला म्हणतात, नशीबवान आहात काका, मुलाने म्हातारपणी फिरतं घर घेऊन दिलं. मी मान डोलावतो. घेतलं हे खरं आहे. मुलाने घेतलं हे अर्धं खरं आहे, कारण पैसे माझे होते. आणि फिरतं म्हणाल, तर त्याबद्दल सांगायला तोंड उघडलं की लोकांना एकदम कुठेतरी जायची घाई सुटते.

मी उभा जन्म शहर बस चालवली. डेपो ते बंदर, बंदर ते डेपो, बस्स. वाटेत पाण्याच्या टाकीपाशी एक मोठा चौक लागतो. बंदराकडे जाताना तिथे माझी बस डावीकडे वळायची. उजवीकडे जाणारा रस्ता रुंद होता, दोन्ही बाजूंना झाडं होती आणि थोडं पुढे जाऊन तो चढणीला लागायचा. चढणीपलीकडे काय आहे ते मी कधी पाहिलं नाही. सुट्टीच्या दिवशी जायचं म्हणून जाता आलं असतं, पण सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हरला रस्ता नको असतो, पलंग हवा असतो. निवृत्त झालो आणि डोक्यात एकच खूळ शिरलं. स्वतःची गाडी घ्यायची, त्या चौकात उजवीकडे वळायचं, आणि जिथे झोप येईल तिथे थांबून झोपायचं.

ही गेल्यावर बस कंपनीची खोली सोडून, एक मोठी ट्रंक घेऊन मी मुलाकडे राहायला आलो होतो. दोन खोल्यांचं बैठं घर, मागे अंगण. त्यातली मागची खोली माझी. मुलगा विमा कंपनीसाठी अपघातात मोडलेल्या गाड्या तपासतो. काय वाचलं, काय गेलं, भंगारात काय येईल, हे तो गाडीभोवती एक फेरी मारून सांगतो. सून घरातूनच काम करते. कानाला यंत्र लावून दिवसभर कुठल्यातरी फ्रिजवाल्या कंपनीच्या चिडलेल्या गिऱ्हाइकांना शांत करते. तिला दार लावता येईल अशी खोली हवी होती. ती स्वयंपाकघरात बसून बोलायची आणि मी नेमका तेव्हाच चहाला आधण ठेवायला जायचो. तिने कधी शब्दाने दुखावलं नाही. फक्त यंत्रावर हात ठेवून माझ्याकडे बघायची. त्या बघण्याने मी पातेलं परत खाली ठेवायचो. घरात तीन माणसं आणि दारं दोन, हे मला कळत होतं. कोणाला तरी सरकावं लागणार होतं, हेही कळत होतं. फक्त मला वाटलं होतं की मी सरकेन तो चाकांवर.

म्हणून एके दिवशी जेवताना मुलगाच म्हणाला, "बाबा, जुनं मोटरहोम बघू या का तुमच्यासाठी? लहानसंच. डिझेलवरचं," तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवला. पोरगं माझ्या मनातलं ओळखतं, असं वाटलं. मी सुनेकडे बघितलं. ती हसत होती. तेव्हा ते हसू मला किती गोड वाटलं होतं, ते आठवलं की आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

गाडी बघायची माझी एक पद्धत आहे. डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरांनी लावलेली शिस्त आहे ती. आल्या आल्या कोणाशी बोलायचं नाही, आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर सरळ घरी जायचं. डिझेल इंजिन खरं बोलतं ते फक्त गार असताना. थकलेलं इंजिन गार असलं की उठायला कुरकुरतं, धूर ओकतं, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. म्हणून तो तुम्ही यायच्या आधी गाडी फिरवून आणतो. गरम झालेलं इंजिन कोणाचंही गोडच वाजतं.

पहिली गाडी एका फर्निचरवाल्याची होती. मी हात ठेवला, बॉनेट चांगलं तापलेलं. "उन्हात उभी होती ना," तो म्हणाला. गाडी सावलीत होती. मी पाठ फिरवली आणि चालू लागलो.

"बाबा, आत तरी बघा," मुलगा मागून ओरडला. "आतून काय मस्त आहे!"

"आत काय बघायचंय? गादी?"

आणि इथेच माझं चुकलं. ड्रायव्हरची मान मागे वळत नाही. मागे भांडण होऊ दे, बाळंतपण होऊ दे, आपली नजर पुढे. मागचं कंडक्टर बघेल. या सवयीवर मी पगार खाल्ला. त्यामुळे आम्ही जितक्या गाड्या पाहिल्या, तितक्या मी पुढून पाहिल्या आणि त्या दोघांनी मागून. मी बॉनेटखाली वाकलेलो असायचो, सून आत टेप घेऊन पलंगाची लांबी मोजायची. मी गिअर टाकून बघायचो, ती पायरीची उंची बघायची. मला वाटायचं, सासऱ्याच्या गुडघ्यांची काळजी करते पोर. गाडीचा अर्धा भाग मी घेत होतो आणि अर्धा ते दोघं, आणि एकमेकांचा अर्धा भाग आम्ही कोणी विचारला नाही.

शेवटी एका दंतवैद्याच्या दारात मनासारखी गाडी मिळाली. बुटकी, पांढरी, साध्या व्हॅनपेक्षा थोडीशीच मोठी. मी हात ठेवला. बॉनेट गार होतं, सकाळच्या फरशीसारखं. मी वळून दंतवैद्याकडे पाहिलं तर तो म्हणाला, "मुद्दामच चालू केली नाही. दुखणं लपवून दात कोणी दाखवतं का?"

त्याची बायको दारात उभी होती. "आणि मग विकताय कशाला?" मी विचारलं.

"फार लहान आहे हो," ती म्हणाली. "एवढ्याशा जागेत नवरा पूर्ण दिसतो."

दंतवैद्य हसला, ती हसली नाही. मला काय त्याचं! मी चावी अर्धी फिरवली, इंजिनाच्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबलो आणि मग पूर्ण फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला उठलं. कुरकुर नाही, खोकला नाही. मागे जाऊन धूर बघितला, पांढरी रेघ आली आणि विरून गेली. तेलाची कांडी काढली, तेल स्वच्छ. तेल भरायचं झाकण उघडलं, तिथूनही धाप लागल्यासारखा वारा नाही. पट्टा वेळेवर बदललेला, गाळण्या बदललेल्या. त्या माणसाने ते इंजिन स्वतःच्या दातांसारखं सांभाळलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी उगाच परत बॉनेटखाली डोकं घातलं.

मागून आवाज येत होते. सून विचारत होती, "उभी असताना बाहेरून वीज जोडता येते ना? आणि सांडपाणी कुठे सोडायचं?"

मुलगा विचारत होता, "समजा, फार हलवली नाही, तर काय काय बिघडतं?"

"बॅटरी उतरते, टायर चपटे होतात," दंतवैद्य म्हणाला. "पण हलवणार नसाल तर घेता कशाला?"

"नाही, सहज विचारलं," मुलगा म्हणाला.

हे सगळं मी या कानांनी ऐकलं. बहिरा नव्हतो. पण इंजिन चालू होतं आणि मी इंजिन ऐकत होतो.

गाडी मुलाच्या नावावर घेतली. तुमच्या वयाला विमा महाग पडतो, तो म्हणाला, आणि विम्यातलं त्यालाच कळतं. मी सही केली नाही, कारण माझी सही मागितलीच नाही. गाडी घरी आणायला मात्र मीच बसलो. मुलगा आणि सून आपल्या गाडीतून मागे. पाण्याच्या टाकीचा चौक आला. सिग्नल लाल होता. मी उजवीकडचा दिवा लावला. हात आपोआप गेला म्हणा, किंवा मी मुद्दाम लावला म्हणा. मागून हॉर्न वाजला. आरशात बघतो तर मुलगा खिडकीतून हात काढून डावीकडे, डावीकडे करतोय. मग फोन वाजला.

"बाबा, आज नको ना. घरी नेऊन लावू, सगळं नीट तपासू, मग जा की खुशाल. आता गाडी तुमचीच आहे."

मी डावीकडे वळलो. सवयच ती.

गाडी मागच्या अंगणात लागली, नाक भिंतीकडे. मी म्हटलं, उलटी लावू, निघायला सोपं पडेल. मुलगा म्हणाला, अशी लावली की वायर पुरते. वायर जोडली, पाण्याची नळी जोडली. "एक-दोन रात्री झोपून बघा," सून म्हणाली, "प्रवासात अचानक अंग अवघडायला नको." मला पटलं. मी झोपून बघितलं. पलंग माझ्या मापाचा होता. असणारच, मोजून घेतलेला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी माझ्या खोलीत चष्मा आणायला गेलो, तर तिथे टेबल, खुर्ची, दिवा. माझी खाट कुठे दिसेना. सून यंत्र कानाला लावून बसली होती. माझ्याकडे बघून यंत्रावर हात ठेवला. तेच बघणं. मी दार लावून घेतलं, म्हणजे बाहेरून.

मला राग आला नव्हता, खोटं कशाला बोलू. खोली गेली तर गेली, असं मला वाटलं. माझ्याकडे गाडी होती. मी रोज सकाळी इंजिन चालू करायचो, थोडा वेळ ऐकायचो, बंद करायचो. देवघरात बसावं तसा ड्रायव्हरच्या सीटवर बसायचो आणि समोरच्या भिंतीकडे बघायचो. सून खिडकीतून म्हणायची, "बाबा, गिऱ्हाइकाला आवाज जातो हो. आणि धूर आत येतो." मग मी लवकर उठून चालू करायला लागलो. निघायचं विचारलं की मुलगा म्हणायचा, टायर बदलायचेत. मग म्हणायचा, विम्याचं अडलंय. मग म्हणायचा, जरा हवा बदलू दे. मी प्रवाशांना आयुष्यभर सांगितलंय, गाडी सुटतेय, बसा. सुटणारी गाडी आणि टोलवाटोलवी यांतला फरक मला कळायला हवा होता. पण आपलंच पोर म्हटलं की माणूस अक्कल गहाण टाकतो.

मग एक दिवस कामावरून मुलाचा फोन आला. "बाबा, एक जण येईल गाडी बघायला. मेकॅनिक आहे. त्याला चालू करून दाखवाल? पण तो येईपर्यंत चालू करू नका, त्याला गार हवी आहे."

गार हवी आहे! माझा जीव सुपाएवढा झाला. अखेर पोराने मनावर घेतलं होतं. लांबच्या प्रवासाआधी चांगल्या माणसाकडून गाडी तपासून घेत होता. मी बॉनेट पुसलं, काच पुसली, दाढीसुद्धा केली.

मेकॅनिक आला. माझ्यापेक्षा थोडा लहान, नखांत काळं तेल. आल्या आल्या एक शब्द न बोलता त्याने बॉनेटवर तळहात ठेवला. मला तो तिथेच आवडला. मी चावी अर्धी फिरवली, दिवा विझू दिला, मग पूर्ण. पहिल्या झटक्याला. तो डोळे मिटून ऐकत उभा राहिला, मी पण. दोन म्हातारे एका इंजिनापुढे हात जोडल्यासारखे उभे, कोणी बघितलं असतं तर हसलं असतं.

"वा!" तो म्हणाला. "तुम्हीच पारखलं म्हणे."

झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. त्याला सगळं सांगितलं. दंतवैद्याने पट्टा कधी बदलला, तेल कोणतं घालायचा, धूर कसा विरतो. झाकण उघडून दाखवलं. रेस करून दाखवलं. त्याने एखादी शंका काढावी आणि मी ती खोडून काढावी. हा आवाज कसला? पट्ट्याचा, काही नाही. इथे ओल कशाची? काल मीच पुसलंय. इंजिन माझ्या हयातीत तरी उघडावं लागणार नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. गिअरबॉक्सचीही हमी दिली. गिऱ्हाईक गटवावं तसं मी त्या माणसाला गटवलं, आणि मला वाटत होतं मी गप्पा मारतोय.

शेवटी त्याने हात पुसले आणि म्हणाला, "काका, एवढा जीव लावलाय, काढून देताना जिवावर येत असेल तुमच्या."

"काय काढून देताना?"

तो थांबला. "इंजिन."

तो खिशातला फडका परत काढून स्वच्छ हात पुसायला लागला.

"माझी मालाची व्हॅन आहे, याच मॉडेलची," तो म्हणाला. "तिचं इंजिन बसलं. साहेब म्हणाले, बॉडी त्यांना ठेवायची आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स घेऊन जा. मी म्हटलं, न ऐकता घेणार नाही. तर म्हणाले, वडिलांना विचारा, ते खोटं सांगणार नाहीत." मग हळूच म्हणाला, "तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

मी पायरीवर बसलो. पायरी अगदी सोयीची होती, गुडघ्यांना त्रास नाही.

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा मी अंगणातच उभा होतो. तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी त्याला बोललो, काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. केसाने गळा कापलास, एवढं सांगतो. सून खिडकी लावायला आली आणि न लावताच उभी राहिली. मुलगा ऐकून घेत होता. मोडलेल्या गाडीच्या मालकाचं ऐकून घ्यावं तसं.

"झालं बोलून?" तो म्हणाला. "बाबा, मी रोज काय बघतो माहितीये? स्टिअरिंग छातीत घुसलेलं बघतो. तुमच्या वयाची माणसं असतात त्यात. रस्त्यात तुम्हाला काही झालं तर धावत कोण येणार? मीच ना? आणि जाणार होता कुठे तुम्ही? सांगा ना. एका गावाचं नाव सांगा."

मी तोंड उघडलं. आणि मला एक नाव सुचेना. आयुष्यभर दोनच नावांची पाटी लावून बस चालवली, डेपो आणि बंदर. तिसरं नाव माझ्यापाशी नव्हतंच.

"उजवीकडे," मी म्हणालो.

"उजवीकडे?"

"टाकीच्या चौकातून."

मुलाने सुनेकडे बघितलं. ते हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत. वेडसर माणसाकडे बघावं तसं, काळजीने बघितलं. त्या एका क्षणात माझी बाजू संपली.

"तिकडे काही नाहीये, बाबा," मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला. "गोदामं आहेत. मी जातो ना तिकडे, आमचं मोडक्या गाड्यांचं यार्ड तिकडेच आहे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्या पैशांतून तुम्हाला चांगला हीटर बसवू. थंडीत त्रास नको."

मी खांदा काढून घेतला नाही. गाडी त्याच्या नावावर, अंगण त्याचं, घर त्याचं. माझ्या नावावर एक लायसन आहे, त्यावरचा माझा फोटो अजून तरुण आहे.

मेकॅनिक इंजिन उचलायचा साखळीचा घोडा घेऊन आला, त्या दिवशी त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. म्हणाला, काका, तुम्ही आत बसा. मी नाही बसलो. त्याला एक बोल्ट सापडत नव्हता, तो मी दाखवला. काम नीट झालं पाहिजे, ओढाताण करून त्या इंजिनाचं काही मोडलं असतं तर ते मला सहन झालं नसतं. ते वर आलं, साखळीला जरा गोल फिरलं आणि त्याच्या व्हॅनमध्ये गेलं. मेकॅनिक जाताना म्हणाला, "कधी वाटलं तर या दुकानावर." मी हो म्हटलं. जाणार नाही.

मुलाने इंजिनाच्या मोकळ्या जागेला खालून प्लायवूड ठोकलं, कडेच्या फटी बुजवल्या. सून कामाच्या मधल्या सुट्टीत बाहेर आली. तिने बॉनेट वर उचलून धरलं, आत वाकून बघितलं आणि मनापासून खूश झाली. आत्तापर्यंत गाडीच्या या बाजूला ती कधी आलीच नव्हती.

"अय्या, बाबा, केवढी जागा आहे हो इथे!" ती म्हणाली. "तुमची ती मोठी ट्रंक इथे बसेल की. घरात उगाच पायात येते."

आम्ही दोघांनी धरून ट्रंक आणली आणि आत सोडली. बसली. बरोब्बर बसली.